तिसऱ्या मजल्यावरची तक्रार

७ फेब्रुवारी

चि. ठकूस, मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत, निदान जेवढे होते तेवढे. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत कुजबुजलं तरी तुझ्या मामीला ऐकू येतं, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको आहे. तूही पत्रच पाठव. पत्रपेट्या खाली जिन्याशी आहेत आणि मामी खाली येऊ शकत नाही. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

आमच्या इमारतीची लिफ्ट नोव्हेंबरपासून बंद आहे. इमारत नगरपालिकेची, आपण तिचे भाडेकरू. झटका आल्यापासून मामीचा उजवा पाय कामातून गेला, हे तुला माहीतच आहे. चाकाची खुर्ची आहे, पण चाकांना पायऱ्या उतरता येत नाहीत. नोव्हेंबरपासून तिने जमिनीला पाय लावलेला नाही. खिडकीशी बसते आणि समोरच्या इमारतीकडे बघत शिवण करते. तिथे तळमजल्यावर तिची ताई राहते, ती पडवीत येऊन बसते. दोघी एकमेकींना हात करतात. फोनवर बोलून पाहिलं, पण ताईंना ऐकू कमी येतं. दर वाक्याला त्या "काय?" म्हणतात, मग ही चिडते, मग दोघी फोन आपटतात आणि पुन्हा खिडकीतून हात करतात.

एप्रिलअखेर ताईंचा मुलगा त्यांना आपल्या गावी नेणार आहे, कायमचं. ताईंचं वय बघता दोघींची पुन्हा गाठ पडेल असं मला वाटत नाही. मामीलाही वाटत नसावं.  त्याआधी एकदा तिला खाली उतरवून रस्ता ओलांडून द्यायचा आहे, एवढीच माझी इच्छा. मी रोज सांगतो, पुढच्या आठवड्यात लिफ्ट होतेय. आता ती नुसती मान हलवते.

नगरपालिकेत दोनदा जाऊन आलो. खिडकीवरचा म्हणाला, पार्ट मागवलाय. खालचा शिंपी सांगतो की नगरपालिकेवरच्या तक्रारी ऐकायला लोकपाल म्हणून असतात, त्यांना लिहा. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. शिवाय खोली त्यांचीच. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं, आणि उद्या त्यांनी सांगितलं की खोली रिकामी करा, तर या वयात हिला घेऊन कुठे जाऊ? मी भट्टीपाशी पाव भाजण्यात आयुष्य काढलेला माणूस, सातवीच्या पुढे शाळा पाहिली नाही. तू तुमच्या नगरपालिकेत तक्रारीच्या खिडकीवरच बसतेस. काय करू ते लिही. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

तुझा मामा


१४ फेब्रुवारी

ती. मामा, नमस्कार.

अक्षर लागलं. माझ्या खिडकीवर येणाऱ्या निम्म्या अर्जांपेक्षा तुमचं बरं आहे.

आधी भीती काढते. लोकपाल म्हणजे कोर्ट नाही. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही. तक्रार केली म्हणून कुणी खोलीतून काढत नाही. तसं कुणी केलंच, तर तीच मोठी तक्रार होईल. नगरपालिकेने आपलं काम नीट केलं की नाही, एवढंच ते बघतात. चुकलं असेल तर दुरुस्त करायला सांगतात, माफी मागायला सांगतात. आमच्याकडे त्यांचं पत्र आलं की साहेब चष्मा पुसून ते दोनदा वाचतात. बाकी पत्रं किती वाचतात ते विचारू नका.

पण त्यांची एक रीत आहे. आधी तुम्ही नगरपालिकेकडे लेखी तक्रार करायची आणि पोच घ्यायची. चूक सुधारायची पहिली संधी नगरपालिकेची. त्यांनी उत्तर दिलं नाही, किंवा दिलं ते पटलं नाही, की मग लोकपाल. तिथे ते तुम्हाला नक्की विचारतील, तुम्हाला काय हवं आहे. याचा आधीच विचार करून ठेवा. लोकांना राग सांगता येतो, हे सांगता येत नाही.

आणि मामा, मी तुम्हाला ओळखते. नगरपालिकेचा माणूस घरी आला तर त्याला "सगळं ठीक आहे" म्हणू नका.

मामींना माझा नमस्कार सांगता येणार नाही, म्हणजे मनातच सांगा.

तुमची ठकू


६ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आतच माझ्या हातून एक गोष्ट होऊन गेली होती. धीर धरवेना म्हणून मी थेट लोकपालांनाच लिहिलं. चांगले चार कागद. त्यात मामीच्या झटक्यापासून, माझ्या गुडघ्यापासून ते शेजारच्या कुत्र्याने लिफ्टच्या दाराशी काय केलं तिथपर्यंत सगळं आलं. त्यांचं उत्तर आलं की तक्रार आम्हाला आत्ता घेता येत नाही, आधी नगरपालिकेला संधी द्यावी. मी म्हटलं झालं, हाकलून दिलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मामीला सांगितलं पोट बिघडलंय, तर तिने मला दोन दिवस पेजेवर ठेवलं. मग तुझं पत्र नीट वाचल्यावर कळलं की त्यांनी हाकललं नाही, फक्त आधीच्या दाराकडे पाठवलं.

मग तू सांगितल्याप्रमाणे नगरपालिकेत अर्ज दिला, शिक्का घेतला. आठवड्याने त्यांचे सुपरवायझर आले. ठकू, तो माणूस तीन मजले चढून आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दम्याचा त्रास आहे त्याला. दाराला धरून उभा राहिला, छातीवर हात. मी आत घेतला, पाणी दिलं, चहा टाकला. मामी आतल्या खोलीत. त्याचा श्वास जरा खाली बसला तेव्हा त्याने हळूच विचारलं, "आजोबा, फार अडचण होते का हो?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, नाही, चालवून घेतो आम्ही."

आता तूच सांग, माझ्या दारात धापा टाकणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगायचं? पाहुणा विचारतो आणि आपण कागाळ्या सांगायच्या, असं मला जन्मात जमलं नाही. मामीचा आवाज आतून आला, कोण आलंय. मी म्हटलं, मीटरवाले.

काल नगरपालिकेचं उत्तर आलं. लिहिलंय: "रहिवाशांशी प्रत्यक्ष चर्चा झाली. विशेष अडचण नसल्याचे त्यांनी सांगितले. तक्रार निकाली काढण्यात येत आहे." खोटं एक अक्षर नाही. मीच तसं म्हणालो होतो.

पडवीत ताईंच्या ट्रंका काढून उन्हात ठेवल्या आहेत. मामी त्या ट्रंकांकडे बघते आणि मी मामीकडे.

तुझा मामा


१२ मार्च

ती. मामा,

मीटरवाले. धन्य आहे तुमची.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला वाचून दाखवलं. आम्ही दोघी हसलो आणि मग दोघींचंही हसू थांबलं, कारण आमच्याकडेही असंच होतं. फोनवर कुणी "ठीक आहे" म्हटलं की आम्ही तक्रार बंद करतो. ठीक आहे कोण म्हणालं, ते आम्ही बघत नाही.

आता ऐका. नगरपालिकेने उत्तर दिलं म्हणजे लोकपालांचं दार उघडलं. ते उत्तर जोडा आणि वर एकच कागद लिहा. कुत्रा नको, गुडघा नको. लिफ्ट कधीपासून बंद, वर कोण अडकलं, सुपरवायझरला तुम्ही काय म्हणालात आणि का म्हणालात. ते लपवू नका. ते लोक रोज असली पत्रं वाचतात, त्यांना भिडस्त माणूस कळतो. आणि ताई एप्रिलअखेर जाणार आहेत हे नक्की लिहा. तातडी आहे हे कळलं तर ते वाट बघत बसत नाहीत.

सुपरवायझरच्या नोकरीची काळजी करत असाल तर सोडा. लोकपाल कुणाला कामावरून काढत नाहीत, तो त्यांचा अधिकारच नाही.

ठकू


२९ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तू रागावशील, पण तुला न सांगता करणं बरं नाही म्हणून लिहितो. मी तक्रार मागे घेतोय.

तू सांगितलेला कागद पाठवल्यावर लोकपालांच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला होता. नशिबाने मीच उचलला आणि जिन्यात जाऊन बोललो. बाई फार मऊ बोलत होत्या, मला उगाच रडायला येईल असं वाटलं. त्या म्हणाल्या, पत्रावरून असं दिसतं की अडचण तुमच्या पत्नीची आहे. तुम्ही तक्रार करताय हे त्यांना माहीत आहे का? त्यांची संमती लागेल, सहीसुद्धा. शक्य असेल तर त्यांच्याशीच बोलायला आवडेल. मी म्हटलं, ती झोपली आहे. ती आतमध्ये शिवणाचं मशीन चालवत होती, बाईंना तो आवाज ऐकू गेला असणार. त्या म्हणाल्या, बरं, मी परत करते.

आता मामीला काय सांगू? कळलं तर ती आशेला लागणार, आणि झालं नाही तर? मी तिला इतके महिने सांभाळून ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, मनाला धक्का नको.

आणि परवा दुधाच्या केंद्रावर सुपरवायझर भेटले. लोकपालांचं पत्र त्यांच्या ऑफिसात गेलंय. ते मला काही बोलले नाहीत, धमकावलं नाही. नुसतं म्हणाले, "आजोबा, अडचण होती तर मला सांगायचं होतं ना." आणि दुधाची पिशवी घेऊन निघून गेले. ठकू, त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तू म्हणतेस नोकरी जात नाही. पण तुला काय माहीत, वरचे साहेब कसे असतात. पाव करपला तर मालक आधी भट्टीवाल्यालाच धरायचा, पीठ कुणी मळलं ते विचारायचा नाही.

मागे घेण्याचं पत्र लिहून ठेवलंय. उद्या टाकतो.

तुझा मामा


९ एप्रिल

ठके,

मामीचं पत्र बघून आश्चर्य वाटलं असेल. खाली जाता येत नाही, पण शेजारची पोर पत्र टाकते म्हणाली. तू आणि तुझे मामा दोघं मिळून माझ्या पायांचा कारभार चालवताय, हे मला आता कळलं.

शनिवारी हे दूध आणायला गेले होते तेव्हा फोन वाजला. त्या लोकपालांच्या बाईंनी हे आहेत का विचारलं. मी म्हटलं, घरात नाहीत, काय काम.  त्या म्हणाल्या, "त्यांनी आम्हाला काय लिहिलंय ते त्यांना विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही. पण तुम्हाला काही विचारू का? खाली जाता येत नाही त्या तुम्हीच का?" मी म्हटलं, हो, मीच.

मग त्यांनी विचारलं, दिवस कसा जातो. ठके, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. यांनी नाही, डॉक्टरांनी नाही, तूही नाही. मला वाटलं नव्हतं एवढं मी बोलले. खिडकीच्या एका बाजूला ऊन येतं तेव्हा खुर्ची कशी सरकवते, ते सांगितलं. लिफ्ट होणार असं हे म्हणतात तेव्हा मी मान का हलवते, ते सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, तुम्हाला काय हवंय? मी म्हटलं, लिफ्ट व्हायची तेव्हा होऊ दे, मला माझी बहीण जायच्या आत खाली जायचंय. त्या म्हणाल्या, हे मी लिहून घेते, हेच मला कळत नव्हतं.

हे घरी आले. मी आरडाओरडा केला नाही, शपथ. विचारलं, तक्रार केलीत? यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता यांनाच झटका येतो. मग सगळं बाहेर आलं. मागे घेण्याचं पत्रही बाहेर आलं, कोटाच्या खिशातून. टाकलंच नव्हतं. तक्रार करायला घाबरतात तसे मागे घ्यायलाही घाबरतात. बिचारं ते पत्र इतके दिवस यांच्याबरोबर दूध आणायला जात होतं.

म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं."

मी म्हटलं, "त्रास मला आहेच. तो सांगायचा तेवढा मान माझ्याकडे राहू द्या."

हे माझ्या काळजीपोटीच करतात, ते का मला कळत नाही? यांच्यासारखं माणूस शोधून मिळणार नाही. पण ज्याची काळजी करायची त्याला एकदा विचारलं तर काळजी काही पातळ होत नाही. ते पत्र मी फाडलं आणि बाईंनी पाठवलेल्या संमतीच्या कागदावर सही केली. कागद मांडीवर ठेवून केली, म्हणून तिरकी आलीय. चालेल म्हणाल्या बाई.

मामी


१३ एप्रिल

ती. मामी,

मामांना मी पानंच्या पानं लिहिली. तुम्हाला दोन ओळी लिहून विचारावं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. तक्रारीच्या खिडकीवर बसूनही आलं नाही, याची जास्त लाज वाटते.

बाईंचा पुन्हा फोन आला तर ताईंच्या गाडीची तारीख आणि वेळ सांगा. आणि मामांना रागावू नका, तुमचं रागावून झालं असेल तर.

ठकू


१६ मे

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. हे पत्र मामीसमोर बसून लिहितोय. ती म्हणते, सगळं लिहा, गाळू नका.

लोकपालांच्या बाईंनी नगरपालिकेला विचारलं की लिफ्टला वेळ लागणार असेल तर तोवर या बाईंना खाली आणायला तुमच्याकडे काय आहे. नगरपालिका म्हणाली, काही नाही. मग बाईंच्याच ऑफिसात कुणाच्या तरी लक्षात आलं की अग्निशमन दलाकडे माणसाला जिन्यावरून उतरवायची पट्ट्यांची खुर्ची असते. ते दलही नगरपालिकेचंच. एकाच घरातली वस्तू दुसऱ्या खोलीत आहे हे सांगायला बाहेरचं माणूस लागलं. लिफ्ट सुरू होईपर्यंत दर सोमवारी आणि गुरुवारी खुर्ची पाठवायचं ठरलं.

पहिल्या दिवशी दोन जवान बूट आपटत वर आले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे लोक आग लागली म्हणून पोरांना घेऊन बाहेर पळाले. मामीला पट्टे बांधले. मी प्रत्येक पायरीला "सावकाश, सावकाश" म्हणत होतो. शेवटी एक जवान म्हणाला, "आजोबा, तुम्ही पुढे जा, आम्हाला तुमचीच भीती वाटते." मामी हसली. ती हसते आहे हे बघून मी पुढे उतरलो आणि खालचं दार उघडून धरलं.

ताईंची गाडी त्याच आठवड्यात शनिवारी होती. मामीला त्यांच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि दोघींनी मला बाहेर काढलं. मी पडवीत बसलो. मला वाटलं रडतील. थोड्या वेळाने आतून भांडण ऐकू आलं. लहानपणी आईचा मार जास्त कुणी खाल्ला, यावर. ही म्हणे मी, त्या म्हणत मी, कुणी मान सोडायला तयार नाही. ताई मध्येच "काय?" म्हणायच्या आणि ही तोंड त्यांच्या कानाशी नेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मग सगळं शांत झालं. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी घाबरून डोकावलो, तर मामी ताईंचा हात मांडीवर घेऊन नखं कापत होती. दोघींचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

गुरुवारी पुन्हा भेटल्या. शनिवारी ताई गेल्या. त्या दिवशी खुर्ची नव्हती, मामीने वरून खिडकीतून हात केला. ताईंनी गाडीतून केला असेल, आम्हाला दिसलं नाही.

लोकपालांच्या निर्णयाचा मसुदा आला आहे. पक्का करायच्या आधी तो दोन्हीकडे पाठवतात आणि काही चुकलं असेल तर सांगा म्हणतात, अशी त्यांची पद्धत. पाकीट मामीच्या नावाचं होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते न फोडता आणलं. लिहिलंय की लिफ्ट बिघडणं हा दोष नाही, यंत्र बिघडतं. पण वर चालता न येणारं माणूस आहे हे ठाऊक असून नगरपालिकेने त्याची सोय पाहिली नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर तक्रार बंद केली, हा दोष आहे. नगरपालिकेने माफी मागायची, ती मामीच्या नावाने. लिफ्टची तारीख लेखी द्यायची. आणि यापुढे ज्याची अडचण त्याच्याशी बोलल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. सुपरवायझरांचं नाव कुठे आलंय का म्हणून मी पुन्हा पुन्हा बघितलं. नाही आलं. काय चुकलंय ते कळवा, या जागेत मामीने लिहिलं, "लिहिलंय ते बरोबर आहे. लिफ्ट अजून बंद आहे."

एवढ्यात संपवणार होतो, पण ती म्हणते सोमवारचंही लिहा.

ताई गेल्यावरच्या पहिल्याच सोमवारी जवान आले. मी दारातच त्यांना म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास, आता कशाला, हिची बहीण गेली, आता हिला कुठे जायचं आहे? ते परत फिरलेच होते. तेवढ्यात आतून मामीचा आवाज आला. बघतो तर ती कपडे बदलून, केस विंचरून, पायात चपला घालून दाराकडे तोंड करून बसलेली.

माझ्याकडे तिने नुसतं पाहिलं. मी दारातून बाजूला झालो. 

जवानाने पट्टे बांधताना विचारलं, "आजी, आज कुठे?"

"ते खाली गेल्यावर बघू," ती म्हणाली.

मी घराला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागून उतरलो.

तुझा मामा